निर्गुडीची पट्टी

कुणी काही बरं झाल्याची हकिकत सांगू लागलं की गमरे मॅडमचा प्रश्न ठरलेला असायचा, "आणि कोरी?" एकदा स्टाफरूममध्ये मराठीच्या बाई सांगत होत्या, की आल्याचा काढा घेतला आणि खोकला चार दिवसांत पळाला. आम्ही सगळ्यांनी सवयीने माना हलवल्या. मॅडमनी डब्यातली भाकरी मोडता मोडता विचारलं, "काढा न घेता किती दिवसांत गेला असता?" मराठीच्या बाई त्यानंतर बरेच दिवस त्यांच्या शेजारी जेवायला बसल्या नाहीत.

कोरी म्हणजे औषध न दिलेली कुंडी. रोग पडलेल्या काही कुंड्यांवर औषध मारायचं आणि तशाच काही कुंड्या मुद्दाम औषधाशिवाय सोडायच्या, म्हणजे औषधाने काय केलं आणि आपोआप काय झालं हे वेगळं कळतं. पुस्तकात तिला कंट्रोल म्हणतात. मॅडम कोरी म्हणायच्या आणि सगळ्या जगाकडे ती मागायच्या. नवस फेडून आलेल्या शिपायाकडे त्यांनी ती मागितली, क्लासचं कौतुक करणाऱ्या पालकांकडे मागितली, आणि नव्या प्राचार्यांनी "मी आल्यापासून निकाल सुधारला" असं भाषणात म्हटलं तेव्हा मागच्या रांगेतून सर्वांदेखत मागितली. अशा माणसाला बढती उशिरा मिळते. त्यांनाही उशिराच मिळाली.

परळच्या त्या कॉलेजात मी वनस्पतिशास्त्र शिकवायला लागले तेव्हा मॅडम विभागप्रमुख होत्या. मी कफ परेडच्या मच्छीमार नगरातली, तांडेलांची मुलगी. बाबांची बोट, आईचा मासळीचा धंदा. भाताशी आमचा संबंध कालवणाखाली येतो तेवढाच. पहिल्या दिवशी मॅडमनी मला प्रयोगशाळेत बोलावलं. ठेंगणी मूर्ती, सुती साडी, वर पांढरा कोट, आणि त्या कोटावर पाल्याच्या रसाचे हिरवे, काळपट डाग. त्यांनी माझ्यापुढे एक काचेची बशी धरली. तळाशी दह्यासारखा थर आणि मध्यभागी करड्या बुरशीचा एक गोल.

"हा खालचा थर कशाचा?"

"अगरचा."

"अगर कशापासून करतात?"

"समुद्रातल्या शेवाळापासून."

"म्हणजे माझ्या बुरशीचा शिधा तुमच्या समुद्रातून येतो. मग काही हरकत नाही, तांडेल. जमेल आपलं."

त्या दिवसापासून मी त्यांची तांडेल झाले. माझं पहिलं नाव त्यांना शेवटपर्यंत आठवत असेल की नाही, शंकाच आहे.

ती करडी बुरशी भातावर करपा आणते. पानावर आधी टाचणीच्या टोकाएवढा ठिपका दिसतो, मग तो लांबट होत डोळ्यासारखा दिसू लागतो, कडेला तपकिरी, मध्ये राखाडी. पानापानावर असे डोळे उघडले की शेत आगीची धग लागल्यासारखं दिसतं. त्यातूनही भात वाचलंच, तर लोंबी बाहेर पडताना बुरशी तिच्या मानेला धरते. मान काळी पडून मोडते आणि दाणे पळींज, म्हणजे पोकळ, राहतात. कोकणात ह्याला मानमोडी म्हणतात. मॅडम हे सगळं सांगताना कधी बुरशीबद्दल वाईट बोलायच्या नाहीत. विद्यार्थी "ही घाणेरडी बुरशी" म्हणाले तर म्हणायच्या, "तिला शिव्या देऊ नका रे. ती तिचं पोट भरते, आपण आपलं. भांडण ताटावरून आहे."

ह्या भांडणात बाजारातली बुरशीनाशकं आहेत आणि ती कामही करतात. मॅडमना त्यांचा राग नव्हता. त्यांचं म्हणणं एवढंच, की गावाकडे माणूस पाठीवर पंप घेऊन तोंडाला काही न बांधता फवारतो, ते पाणी खाचरातून वहाळात जातं, वहाळातले खेकडे मरतात, आणि बुरशीही हळूहळू औषधाला सरावते. शेताच्या बांधावर फुकट उगवणाऱ्या एखाद्या झाडाच्या पाल्याने थोडं काम झालं, तर तेवढं औषध कमी लागेल. ह्या "थोडं"साठी त्या वीस वर्षं पाला कुटत होत्या. कडुलिंब झाला, तुळस झाली, घाणेरी झाली. लसणाच्या अर्काच्या दिवसांत आमच्या मजल्यावर कुणी पाहुणा फिरकत नसे, आणि परीक्षा विभागाने एकदा लेखी तक्रारही केली होती. शेवटी त्या निर्गुडीवर स्थिरावल्या. बशीतल्या थरात निर्गुडीचा अर्क मिसळला की करप्याचा गोल वाढायचा थांबे. मॅडम पट्टी लावून तो गोल मोजायच्या, शेजारच्या कोऱ्या बशीतला मोजायच्या, आणि पुन्हा पहिला मोजायच्या. "चटकन चांगलं दिसलं ना, की दोनदा बघावं," असं त्या म्हणत.

बशीनंतर कुंडी. कॉलेजच्या गच्चीवर त्यांनी रंगाच्या रिकाम्या डब्यांत भात लावलं होतं. चहूबाजूंनी गिरण्यांच्या जागी उभे राहिलेले काचेचे टॉवर आणि मध्ये हे गुडघाभर भात. पहिल्या वर्षी लोंब्या धरल्या आणि परळच्या कबुतरांनी त्या एका सकाळीत साफ केल्या. मी बाबांना सांगितलं. त्यांनी बोटीवरचं एक जुनं जाळं दिलं, स्वतः येऊन बांबूंवर ताणून बांधून दिलं. मॅडमनी त्यांना चहा पाजला आणि भाताचं एकेक रोप दाखवलं. बाबा घरी येऊन आईला म्हणाले, "बाई हुशार हाय, पन जाल्याखाली भात ठेवनारी पयलीच बघली."

मॅडमचं बालपण लोअर परळच्या चाळीतलं. वडील गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. गिरणी बंद पडली तेव्हा घर गावी परत गेलं, खेडच्या बाजूला, जिथे त्यांची थोडी भातशेती होती. मुंबईत चाळीतच राहणाऱ्या मावशीच्या खोलीत एकच पोर राहू शकेल अशी जागा होती. मॅडम आणि त्यांचा धाकटा भाऊ, दोघंही शाळेत बरे. कुणी राहायचं हा प्रश्न मोठी माणसं सोडवत बसली असताना भावानेच आपली पिशवी भरली, असं मॅडम सांगायच्या. त्या त्याला बाळा म्हणत, म्हणून मीही इथे तेच म्हणते. बाळा शेतकरी झाला, मॅडमनी डॉक्टरेट मिळवली, आणि दर रविवारी फोनवर दोघं फक्त पाऊस आणि भात ह्यांवर बोलत. दुसरं काही बोलायची त्यांना गरज पडत नसावी.

निवृत्ती जवळ आली तसं मॅडमना गच्ची पुरेना. गच्चीवर वारा लागतो, पानावरचं दव लवकर सुकतं आणि रोग जोर धरत नाही. खरी परीक्षा खऱ्या शेतात. बाळाने आपली खाचरं दिली. प्रत्येक खाचरात तीन पट्ट्या पाडल्या: एक कोरी, एकीवर बाजारातलं बुरशीनाशक, एकीवर निर्गुडी. कोऱ्या पट्टीवरून त्यांचा थोडा वाद झाला. घरच्या खाण्याचं भात मुद्दाम रोगाला द्यायचं हे बाळाच्या बायकोला पटेना. मॅडम म्हणाल्या, "वहिनी, ती पट्टी नसेल तर बाकीच्या दोन मुक्या आहेत." वहिनी म्हणाली, "तुमी बोलताव तर ठेवू." निर्गुडीचा पाला कुटून, रात्रभर भिजवून, मलमलीतून गाळून कसा फवारायचा हे मॅडमनी बाळाला दोनदा करून दाखवलं आणि कॉलेज होतं म्हणून परत आल्या. मधल्या काळात बाळा मोबाइलवर पानांचे फोटो पाठवायचा.

फोटो बघून पहिल्यांदा मी मॅडमना गुणगुणताना ऐकलं. कोऱ्या पट्टीवर डोळेच डोळे, आणि निर्गुडीची पट्टी बाजारातल्या औषधाच्या पट्टीइतकीच हिरवी. भात पोटरीत, म्हणजे लोंबी अजून आतच, असताना शेतीचं काम करणाऱ्या एका संस्थेची माणसं शेत बघून गेली. त्यांना हर्ष झाला. पुढच्या हंगामात कितीतरी गावांत रासायनिक औषध बंद करून हाच अर्क द्यायचा असं त्यांनी ठरवलं, दादरला हॉल घेतला, मॅडमचा सत्कार ठेवला. प्राचार्यांनी कॉलेजच्या फाटकावर फलक लावला. मॅडम त्या फलकाखालून रोज मान खाली घालून जायच्या, पण चालताना पावलं हलकी पडत होती. मला त्यांच्यासाठी फार आनंद झाला होता, आणि तो मी त्यांना बोलूनही दाखवला.

कापणीच्या आधी त्या शेवटचं बघायला निघाल्या तेव्हा मला बरोबर नेलं. एसटीतून उतरून आम्ही सरळ शेतावर गेलो. मॅडमनी चपला बांधावर काढल्या, साडी खोचली आणि निर्गुडीच्या पट्टीत शिरल्या. एक रोप हातात धरून बराच वेळ खालून वर बघत राहिल्या. मग दुसरं, मग पलीकडच्या खाचरातलं. मी बांधावर उभी होते, बाळा आणि वहिनी माझ्या शेजारी. मॅडमनी एक पान तोडून आणलं आणि भावापुढे धरलं.

"बाळा, ह्या पट्टीवर काय मारलंस?"

"तुझंच. निर्गुडी."

"निर्गुडी जिथे पडते तिथेच राहते. झाडाच्या अंगात जात नाही. हे पान शेवटच्या फवारणीनंतर निघालंय. ह्याच्यावर निर्गुडी पडलेलीच नाही, तरी एक डाग नाही. मानाही साफ आहेत. काय मारलंस?"

बाळाने डोंगराकडे बघितलं. वहिनी हळूच म्हणाली, "सांगा की आता."

"ताय, डाग पडाया लागलं व्हतं," तो म्हणाला. "कोऱ्या पट्टीवर पडनार ते तू सांगितलं व्हतंस. त्याचं मला काय नाय. पन तुझ्या पट्टीवर पडलं, ते बघवना."

"म्हणून?"

"म्हनून दुकानातलं मारलं. दोन येळा."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू मारू दिलं नसतंस." मग म्हणाला, "इतकी वर्षं पाला कुटतेस. एकदा तरी तू जिंकाया पायजे व्हतीस."

मॅडम बांधावर बसल्या. मला वाटलं, आता रडतील किंवा त्याला बोलतील. त्यांनी दोन्हीतलं काही केलं नाही. पानाची घडी घालत घालत विचारलं, "डाग पडले तेव्हाचे फोटो काढले होतेस?"

"काढलंत. तुला धाडलं नाय."

"दाखव."

बाळाने मोबाइल पुढे केला. निर्गुडीच्या पट्टीतली पानं, प्रत्येकावर राखाडी डोळे, कोऱ्या पट्टीपेक्षा थोडे कमी, पण स्पष्ट. मॅडम एकेक फोटो मोठा करून बघत होत्या. इतका वेळ त्यांच्या चेहऱ्यावर नव्हतं ते दुःख मला तेव्हा दिसलं, आणि ते बाळालाही दिसलं असणार, कारण तो उठून लांब जाऊन उभा राहिला. सगळे फोटो बघून झाल्यावर मॅडमनी त्याला हाक मारली. "हे सगळे मला पाठव. हेच खरे आहेत."

परतीच्या गाडीत मॅडम पनवेलच्या अलीकडे म्हणाल्या, "तांडेल, तू जे ऐकलंस ते तुझ्यापाशी ठेव. कार्यक्रमात जे सांगायचं ते मी सांगेन. बाळाचं नाव येणार नाही."

"पण मॅडम, लोक म्हणतील तुम्हीच मारलं."

"म्हणू देत. एकट्या बाळाचं नाव जात नाही गं. वाडीचं जातं. आमच्या बौद्धवाडीतल्या माणसाला गावाने शेतकरी गटात पहिल्यांदा अध्यक्ष केलंय. आत्ता कुठे त्याला पुढच्या खुर्चीत बसवतात. उद्या कुणी म्हणालं, गमऱ्याने प्रयोगात फसवलं, की पुढच्या पिढीतल्या पोरालाही ते ऐकून घ्यावं लागेल. माझं काय, मी निवृत्त होणारच आहे."

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी त्यांनी प्राचार्यांना सगळं सांगितलं, एका नावाशिवाय. प्राचार्यांचं म्हणणं पडलं, की हॉल ठरला, पाहुणे ठरले, तेव्हा थोडं सांभाळून बोला; अजून अभ्यास चालू आहे असं काहीतरी म्हणा. मॅडम "बरं" म्हणाल्या. ते बरं नुसतं ऐकून घेतल्याचं होतं हे मला ठाऊक होतं.

दादरचा हॉल भरला होता. मंचामागच्या पडद्यावर निर्गुडीच्या हिरव्यागार पट्टीचा फोटो. शाल घालायला माणूस पुढे आला तेव्हा मॅडमनी त्याला हाताने थांबवलं आणि माइकपाशी गेल्या. म्हणाल्या, "मागे तुम्ही जी पट्टी बघताय तिच्यावर निर्गुडीच्या जोडीला बाजारातलं बुरशीनाशकही पडलं होतं. म्हणून हा निकाल निर्गुडीचा नाही. नुसत्या निर्गुडीवर असताना त्या पट्टीत रोग पडला होता. त्याचे फोटो मी आणले आहेत. पुढच्या हंगामात कुणीही ह्या अर्काच्या भरवशावर शेत सोडू नये." मग त्यांनी ते फोटो पडद्यावर दाखवायला लावले. पुढच्या रांगेत कुणीतरी विचारलं, "बुरशीनाशक मारलं कोणी?" मॅडम म्हणाल्या, "शेत माझ्या देखरेखीखाली होतं. जबाबदारी माझी." आणि येऊन माझ्या शेजारी बसल्या. मी त्यांचा हात धरून ठेवला.

त्यानंतरची दोन वर्षं मला आठवतात ती स्टाफरूममधल्या कुजबुजीने. बाईंनी दोन्ही औषधं मिसळली आणि ऐनवेळी घाबरल्या, असं एकाचं मत. बाईंना वय झाल्यामुळे लक्षात राहत नाही, असं दुसऱ्याचं. ज्यांच्याकडे त्यांनी कधी ना कधी कोरी मागितली होती, त्या सगळ्यांना आता त्यांच्याकडे मागता आली. कॉलेजने प्रकल्प बंद केला, निवृत्तीचा समारंभ चहाबिस्किटांवर उरकला. मला राग यायचा. एकदा मी तोंड उघडणार तेवढ्यात मॅडमनी टेबलाखालून माझ्या पायावर पाय ठेवला. चांगला जोरात ठेवला.

बाळा त्यांच्याशी बोलेनासा झाला. ज्याच्यासाठी त्यांनी स्वतःचं नाव घालवलं तोच रुसला, हे मला कळेना. मॅडमना कळत होतं. "त्याने आयुष्यात मला एकच गोष्ट दिली होती," त्या म्हणाल्या, "म्हणजे त्याच्या हिशेबात. पहिली पिशवी भरली ती तो मोजत नाही. ही दिली, आणि मी भरल्या सभेत ती परत केली. राग येणारच." त्या दर रविवारी फोन करत राहिल्या. फोन वहिनी घ्यायची, पावसाचं सांगायची, भाताचं सांगायची, आणि मागे बाळा बसलेला आहे हे मॅडमना त्याच्या खोकल्यावरून कळायचं.

निवृत्तीनंतर त्यांनी प्रयोग पुन्हा केला. बाळाने खाचरं द्यायला नकार दिला, म्हणून एका जुन्या विद्यार्थिनीच्या माहेरच्या शेतात, माणगावकडे. ह्या वेळी फवारणीच्या दर वेळी त्या स्वतः तिथे हजर राहिल्या. त्या वयात पहाटेची गाडी, चिखल, पाठीवर पंप. मी सुट्टीत जाऊन पाला कुटू लागले. दोन हंगामांनंतर जे हाती आलं ते असं: निर्गुडी सुरुवातीला, डाग पडण्याआधी मारली तर हलका रोग दूर ठेवते. जोराचा पाऊस झाला की धुऊन जाते, पुन्हा मारावी लागते. आणि भात पोटरीत आलं की मानमोडीपुढे ती टिकत नाही, तिथे बाजारातलं बुरशीनाशक एकदा, योग्य वेळी मारावंच लागतं. म्हणजे निर्गुडीने रासायनिक औषधाची एक फवारणी वाचते.

"एकच?" मी विचारलं. मला रडू येत होतं. वीस-बावीस वर्षांचं काम आणि एक फवारणी.

"एक," मॅडम म्हणाल्या. "पण आहे. ती कुणी काढून घेऊ शकत नाही." त्या दिवशी त्या खरोखर समाधानी होत्या, हे मी शपथेवर सांगेन. लोअर परळच्या त्यांच्या खोलीत त्यांनी मला बसवून तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी खाऊ घातली. सुकट माझ्या आईने दिलेली होती, म्हणून चुका काढायला मला जागा नव्हती.

पुढे मॅडमना आजार निघाला तो पोटाचा, आणि त्याने फार वेळ दिला नाही. परळच्याच इस्पितळात त्या होत्या, कॉलेजपासून चालत जाण्याच्या अंतरावर. एका दुपारी मी गेले तर पलंगाशेजारच्या स्टुलावर बाळा बसलेला. गावाहून तडक आला होता. मॅडम डोळे मिटून पडल्या होत्या आणि तो हळू आवाजात त्यांना सांगत होता, की यंदा पाऊस मागाहून चांगला लागला, वरच्या खाचरात पाणी टिकलं, भात बरं आहे. मॅडमनी डोळे न उघडता विचारलं, "निसवलं का?" तो म्हणाला, "आता निसवंल, ताय." त्यांनी त्याचा हात चाचपून धरला. मी बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिले. लोंब्या बाहेर पडून भात निसवलं त्या आठवड्यात त्या गेल्या.

शोकसभा लोअर परळच्या चाळीतल्या विहारात झाली. त्रिसरण, पंचशील झालं. खाली सतरंजीवर चाळीतली माणसं, कॉलेजातली माणसं, आणि गावाहून गाडी करून आलेली शेतकरी गटाची मंडळी, त्यांत बाळाही. प्राचार्य बोलले. चांगलं बोलले, आणि शेवटी म्हणाले, "उत्तरायुष्यात मॅडमच्या हातून एक प्रयोग बिघडला, पण त्यामुळे त्यांचं योगदान कमी होत नाही." त्यांना ते मोठेपणाचं वाटलं असावं. त्यांच्यानंतर माझं नाव पुकारलं. मी उठले तोच मागून आवाज आला, "तांडेल मॅडम, जरा थांबा. माझं पयलं होऊ दे."

बाळा उभा राहिला होता. तो पुढे आला नाही, माइकही घेतला नाही. जिथे होता तिथूनच, आपल्या गावाच्या माणसांमध्ये उभा राहून बोलला.

"माझ्या तायच्या हातून कायपन बिघडलं नाय. तिच्या पट्टीवर दुकानातलं औषध मी मारलं. तिला न सांगता. तिचं नाव व्हावं म्हनून मारलं. तिला कळलं तवा तिनं माझं नाव नाय घेतलान, आपल्यावर घेतलान. मुंबईत लोकं तिला काय काय बोलायची ते माझ्या कानावर यायचं. आनि मी गावात पुढच्या खुर्चीत बसून ऐकायचो." एवढं बोलून तो खाली बसला.

प्राचार्य खाली बघत होते. गटातल्या एका म्हाताऱ्या माणसाने बाळापासून तोंड फिरवलं, आणि सभा संपल्यावर त्यांची गाडी बाळाला न घेताच गेली. रात्री तो एसटीने गेला. मी मग काही बोलले नाही. माझ्याजवळ जे बोलायचं होतं ते त्याने बोलून टाकलं होतं, आणि ते बोलायचा हक्कही त्याचाच होता.

पुढच्या रविवारी माझ्या मोबाइलवर त्याचा फोन आला. पावसाचं सांगितलं, भाताचं सांगितलं. गटातून त्याला काढलं होतं, आणि गावात काही लोक वाडीवरूनही बोलले होते, मॅडमना भीती होती अगदी तसंच. त्याचं त्याला दुःख होतं, ते त्याने लपवलं नाही. मग म्हणाला, "तुमी लिवता असं ताय बोलायची. तिच्यावर लिवा. आनि त्यात 'बाईंचा भाऊ' असं नका लिवू. बाळा पन नको, ते तिचं व्हतं. माझं पुरं नाव घाला."

मी विचारलं, "नक्की ना? छापलं की ते राहतं."

"ऱ्हावं म्हनूनच सांगतोय," तो म्हणाला.

गमरे मॅडमनी जे नाव मरेपर्यंत घेतलं नाही, ते यशवंत धोंडू गमरे.